ओळखीच्या दोन सह्या

मतदानाच्या दिवशी पहाटे ल्युवेनिया मॅकॉलने उजवा हात वर करून शपथ घेतली, तेव्हा तिच्या मनात पाप नव्हतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. बहात्तर वर्षांची बाई. बत्तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासलेली आणि रविवारी चर्चमध्ये पांढरे हातमोजे घालून लोकांना जागा दाखवणारी. तिला खोटं बोलायचं म्हटलं की आधी कान तापायचे. पण माणसाच्या पोटात साठ वर्षं काय दडून बसलेलं असतं, ते त्याचं त्यालाही कळत नाही.

मॉसी क्रीक गावचं मतदान बंबाच्या शेडमध्ये व्हायचं. आगीचा बंब बाहेर काढून लावायचा, आत जमिनीवरचं तेल पुसायचं आणि टेबलं मांडायची. टेबलावर चौघं. मुख्य होती ग्लेंडा, गावच्या पोस्टातून निवृत्त झालेली गोरी बाई, आवाजाने खणखणीत. दुसरी ल्युवेनिया. बाकी दोघं नवीन होती: तळ्याकाठी घर बांधून राहायला आलेले एक म्हातारे गृहस्थ आणि ऑगस्टात शाळेत रुजू झालेली एक शिक्षिका. त्या दोघांना गावातली कुत्रीसुद्धा ओळखत नव्हती.

हे ओळखण्याचं इथे फार महत्त्व होतं. अलाबामात मत द्यायला फोटोचं कार्ड लागतं, दहा वर्षं झाली त्या नियमाला. ज्याच्याकडे कार्ड नाही त्याच्यासाठी कायद्याने एकच खिडकी उघडी ठेवली आहे. टेबलावरच्या दोन अधिकाऱ्यांनी ‘आम्ही या माणसाला व्यक्तिशः ओळखतो’ असं लिहून शपथेवर सह्या करायच्या, की मत चालतं. मॉसी क्रीकच्या जुन्या माणसांची ही खिडकी म्हणजे ग्लेंडा आणि ल्युवेनिया. दर निवडणुकीत आठ-दहा म्हातारे-म्हाताऱ्या त्या दोघींच्या सह्यांवर मत देऊन जात.

“तुझी ती सगळी पलटण येणार ना आज?” ग्लेंडाने याद्या लावता लावता विचारलं. “पेन नवीन आणलंय मी. गेल्या वेळी सह्या करून करून माझं मनगट धरलं.”

“मग कर ना तो नियम रद्द. मनगटही सुटेल.”

“झालं तुझं सुरू! अगं, बँकेत कार्ड दाखवतेस, औषधाच्या दुकानात दाखवतेस. दारूची बाटली घ्यायची तरी दाखवावं लागतं. मग मतालाच काय धाड भरलीय?”

“बाटलीसाठी माझ्या बापाने कोर्टाच्या पायऱ्या नाही झिजवल्या, ग्लेंडा.”

“बरं बाई, हरले,” ग्लेंडा हसली. “रताळ्याची गोड पाई आणलीयस की नुसतीच जीभ?”

पाई आणलेली होती. दोघींचं हे असं होतं. मतं एकमेकींच्या विरुद्ध, पण डबा एकत्र.

ल्युवेनियाच्या त्या पलटणीत सगळ्यात जुनी होती तिची आत्या, ओला मे. वय अठ्ठ्याऐंशी. सुईणीच्या हातावर शेतातल्या झोपडीत जन्मली, नोंद काय ती घरच्या बायबलात, आणि ते बायबल घरासकट जळालं. एका सरकारी कागदावर तिचं जन्मसाल छत्तीस, दुसऱ्यावर अडतीस. ल्युवेनिया तिला कार्डासाठी दोनदा तालुक्याला घेऊन गेली होती. दोन्ही वेळा खिडकीवरची मुलगी गोड हसून म्हणाली, “आधी साल एक करून आणा.” तिसऱ्यांदा ल्युवेनिया गेलीच नाही. कशाला म्हातारीला उन्हातान्हात फरफटायचं? मी आहे, ग्लेंडा आहे, दोन सह्यांचं तर काम, असं तिने मनाशी म्हटलं आणि तो विषय तिथेच ठेवून दिला. आपलंच माणूस टेबलावर बसलंय म्हटल्यावर आमच्याकडे कुणीच कागदामागे धावत नाही. तिथेच घात होतो.

पण काळ्यांना मताचा हक्क देणारा पासष्टचा कायदा आल्यापासून आत्याने एक निवडणूक चुकवलेली नव्हती. पोटाचं ऑपरेशन झालं त्या वर्षीसुद्धा टाके सांभाळत आली होती.

दहाच्या सुमाराला शेडपुढे गाडी थांबली आणि कामाच्या बाईचा हात धरून वेंडेल कॉथन उतरला. एक्क्याण्णव वर्षांचा. नाकात प्राणवायूची नळी, मागे चाकांवर सिलिंडर. एके काळी अर्धं गाव त्याच्या लाकडाच्या गिरणीवर जगायचं. आता गिरणीच्या जागी गवत होतं आणि त्याच्या अंगावर नुसता कोट. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. रांगेतल्या लोकांना त्याने काठीनेच बाजूला सारलं.

“कार्ड?” शिक्षिकेने विचारलं.

“कार्ड नाही,” तो म्हणाला. “लायसन होतं. जूनमध्ये मी गाडी जरा खांबाला लावली, तर माझ्या लेकीने कात्रीने कापून टाकलं. म्हणते, आता गाडी चालवायची नाही. मी काय तिच्या बापाची गाडी चालवत होतो?” आणि स्वतःच खोकत हसला.

रांगेत खसखस पिकली. हाच म्हातारा पेट्रोल पंपावर बसून गेली दहा वर्षं सांगत आला होता, की ज्याच्याकडे फोटो नाही त्याने घरी बसून शेंगा सोलाव्यात.

ग्लेंडा लगबगीने उठली. तिचा नवरा याच गिरणीत मुकादम होता, आणि तो आजारी पडला तेव्हा कॉथनने तिचं घर वर्षभर सांभाळलं होतं. “काही काळजी करू नका. आम्ही दोघी आहोत ना! ल्युवेनिया, तो ओळखीचा फॉर्म दे गं.” तिने स्वतःची सही ठोकली आणि कागद ल्युवेनियापुढे सरकवला.

ल्युवेनियाने कागदाकडे पाहिलं. मग कॉथनच्या हाताकडे पाहिलं. टेबलावर टेकलेला, डाग पडलेला हात. आणि तिच्या डोळ्यांपुढे कोर्टातली जुनी कचेरी उभी राहिली.

चौसष्ट सालचा जानेवारी. तिचा बाप एझेल मॅकॉल, कॉथनच्या गिरणीत एकोणीस वर्षं करवतीवर उभा राहिलेला. डाव्या हाताची दोन बोटं त्याच करवतीने नेलेली. मतदार यादीत नाव घालायची ती कोर्टातली कचेरी महिन्यातून दोनच सोमवार उघडायची. काळ्या माणसाने अर्ज केला, तर आधीच यादीत असलेल्या कुणीतरी येऊन ‘मी याला ओळखतो’ असं सांगावं लागे. आणि साऱ्या तालुक्याच्या यादीत काळं माणूस एकही नव्हतं. म्हणजे गोऱ्याच्याच दारात जाणं आलं. एझेलने चार महिने धीर गोळा करून मालकाला विचारलं. मालक म्हणाला, “येईन.”

बारा वर्षांच्या ल्युवेनियाला बापाने बरोबर नेलं होतं. पोरीने बघावं, म्हणून. रविवारचा कोट, इस्त्री केलेली कॉलर. तिच्या हातात बापाची हॅट होती. कॉथन खरंच आला. पण कचेरीत त्या दिवशी चार-पाच गोरे भिंतीला टेकून उभे होते. बँकेचा माणूस, खताच्या दुकानाचा मालक. नोंदणी करणाऱ्याने विचारलं, “वेंडेल, याला ओळखतोस?” कॉथनने भिंतीकडे बघितलं. मग एझेलकडे, डोक्यापासून पायापर्यंत, नवा बैल बघावा तसं. आणि म्हणाला, “नाही. कधी पाहिल्याचं आठवत नाही.”

भिंतीपाशी कुणीतरी हसलं.  बाहेर येऊन बापाने पोरीच्या हातातून हॅट घेतली, पण डोक्यावर घातली नाही, घरापर्यंत हातातच धरली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच गिरणीत, त्याच करवतीवर गेला, कारण घरात सहा तोंडं होती. पासष्टच्या एप्रिलात तो छातीच्या कळेने गेला. कायदा आला ऑगस्टात. चार महिन्यांनी चुकामूक झाली.

“ल्युवेनिया?” ग्लेंडा म्हणाली. “कर ना सही. लोक खोळंबलेत.”

“मी यांना ओळखत नाही,” ल्युवेनिया म्हणाली.

तिचे कान तापले नाहीत. याचंच तिला नंतर सगळ्यात जास्त वाईट वाटायचं होतं. शब्द तोंडातून गुळगुळीत निघाला.

“काय?” ग्लेंडाला आधी थट्टाच वाटली. “अगं, मिस्टर कॉथन आहेत हे. चष्मा घाल.”

“घातलाय. कधी पाहिल्याचं आठवत नाही.”

रांगेतल्या जुन्या काळ्या माणसांनी माना खाली घातल्या. त्यांना ती गोष्ट ठाऊक होती. मॉसी क्रीकच्या एका बाजूला ती साठ वर्षं चुलीपाशी सांगितली जात होती आणि दुसऱ्या बाजूला ती कुणी ऐकलेलीसुद्धा नव्हती. ग्लेंडा त्या दुसऱ्या बाजूची. ती नुसती लालबुंद होऊन बघत राहिली.

कॉथन मात्र ल्युवेनियाकडे टक लावून बघत होता. नळीतून श्वास फुसफुसत होता. तो म्हणाला, “मी हिला ओळखतो. एझेलची पोर. हॅट धरून उभी होती.”

म्हणजे त्याच्या लक्षात होतं. साठ वर्षं लक्षात होतं, आणि तो मजेत पेट्रोल पंपावर शेंगा खात बसला होता. ल्युवेनियाला वाटलं होतं की या क्षणी छातीवरचा दगड उतरेल. दगड होता तिथेच राहिला, उलट जरा जडच झाला. समोर एक म्हातारा श्वासासाठी धडपडत उभा होता आणि त्याला हरवून तिच्या हाती काहीच लागलं नव्हतं.

“तात्पुरतं मत देता येईल तुम्हाला,” ग्लेंडा त्याला म्हणाली. “पाकिटात बंद ठेवतात. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत कार्ड नेऊन दाखवलं तर मोजतात.”

“शुक्रवारपर्यंत मी कुठलं कार्ड काढतोय! राहू दे,” तो म्हणाला. काठी टेकत, सिलिंडर ओढत तो निघून गेला. जाताना ल्युवेनियाकडे त्याने पुन्हा बघितलं नाही.

ग्लेंडाने नोंदवहीत लिहिलं: दुसऱ्या अधिकाऱ्यास मतदाराची ओळख पटली नाही. मग ती वही ल्युवेनियापुढे धरली. “खरं आहे ना हे? शपथेवर?”

“खरं आहे.”

“सही कर.”

ल्युवेनियाने सही केली.  रताळ्याची पाई दुपारपर्यंत झाकलेलीच राहिली.

तीन वाजता चर्चची गाडी आली. गेल्या वेळच्या पलटणीतले काही जण मधल्या काळात वारले होते, बाकीच्यांनी मुलांच्या खटपटीने कार्डं काढली होती. कार्डाशिवायची आज एकटी ओला मे आत्याच होती. जांभळा कोट, त्याच रंगाची टोपी, ओठाला लाली. मत द्यायला ती लग्नाला निघाल्यासारखी नटून यायची.

“काय गं पोरी, तोंड का असं पाडलंयस? सकाळपासून काही खाल्लं नाहीस वाटतं!” तिने ल्युवेनियाच्या गालाला हात लावला. “आणि ग्लेंडाबाई, कशी आहेस? गुडघा काय म्हणतो?”

“ठीक आहे, मिस ओला मे,” ग्लेंडा खाली बघून म्हणाली.

ल्युवेनियाने फॉर्म काढला, आपली सही केली आणि कागद ग्लेंडापुढे ठेवला. ग्लेंडाने पेन उचललं नाही.

“आत्या, तू जरा त्या खुर्चीवर टेक,” ल्युवेनिया म्हणाली. आत्या लांब जाऊन बसली तशी ती ग्लेंडाकडे वळली. “सही कर, ग्लेंडा.”

“नाही.”

“ओळखतेस तू तिला. चाळीस वर्षं तिची पत्रं तू वाटलीस.”

“ओळखते. मी तुझ्यासारखं खोटं बोलणार नाही. ओळखते, पण सही करायची सक्ती कायद्यात कुठे नाही.” ग्लेंडाने कागद परत सरकवला. “दहा वर्षं मी तुझ्या माणसांच्या कागदांवर डोळे मिटून सह्या केल्या. एकालाही विचारलं नाही, मत कुणाला देणार. लोक मला नावं ठेवायचे, तरी केल्या. आणि आज माझं एक माणूस आलं, मरायला टेकलेलं, तर तू त्याला कुत्र्यासारखं हाकललंस.”

“तुला माहीत नाही त्याने काय केलंय.”

“मग सांगायचं होतंस! दहा वर्षं माझ्या शेजारी बसून माझ्या डब्यातलं खाल्लंस. एकदा तरी सांगायचं होतंस.”

 खरंच, ल्युवेनियाने कधी सांगितलं नव्हतं. ग्लेंडाला ते ऐकवेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

“तिचा काय दोष यात?” ती हळू म्हणाली. “बोलाव त्याला परत. मी सही करते.”

“सकाळी शपथेवर ओळखत नव्हतीस. दुपारी ओळखायला लागलीस? मग वहीत काय लिहू, की सकाळी खोटी शपथ घेतलीस? लिहू?” ग्लेंडाने वही पुढे ओढली आणि पेनचं टोपण काढलं. ती खरंच लिहील, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

आता वाट एकच उरली होती. आपण खोटी शपथ घेतली असं मान्य करायचं, टेबलावरून उठायचं, पुढे जे होईल ते सोसायचं. तसं केलं असतं तर ग्लेंडाने कदाचित सही केलीही असती. ल्युवेनियाने तळ्याकाठच्या त्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, शिक्षिकेकडे पाहिलं, रांगेतल्या आपल्या चर्चच्या माणसांकडे पाहिलं. तिला कॉथनने भिंतीकडे टाकलेली नजर आठवली, आणि तो त्या दिवशी कुणाला भ्याला होता ते तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. कळलं, तरी तोंड उघडलं नाही.

“राहू दे,” ती म्हणाली.

तात्पुरत्या मताची मतपत्रिका आणि पाकीट तिनेच काढलं, शुक्रवारपर्यंत कार्ड दाखवा असं सांगणारं सोबतचं पत्रक दुमडून स्वतःच्या खिशात घातलं, आणि आत्याच्या खुर्चीपाशी गेली.

“इतका वेळ काय कुजबुजताय दोघी?” आत्या म्हणाली. “काही अडलंय का?”

“काही नाही. ग्लेंडाचं मनगट धरलंय.”

“बिचारी. एरंडेल लाव म्हणावं.” आत्याने मतपत्रिका गुडघ्यावरच्या पाटीवर ठेवली आणि एकेक गोल नीट भरला. पेन घट्ट धरून, जीभ दातांत पकडून, पंधरा मिनिटं. मग तिने पाकिटाकडे बघितलं. “हे काय? मी दर वेळी यंत्रात घालते.”

“या वेळी पाकिटात घालायचंय, आत्या.”

“मोजतील ना हे?”

आत्याचे डोळे वयाने निळसर झाले होते. त्यांतला एक ल्युवेनियाच्या बापाच्या डोळ्यासारखा किंचित आत वळलेला होता.

“मोजतील,” ल्युवेनिया म्हणाली.

आत्याने पाकिटाला जीभ लावली आणि तळहाताने दाबून बंद केलं. ‘मी मत दिलं’ असं लिहिलेली गोल चिकटपट्टी मागून घेतली, आणि ल्युवेनियाने ती तिच्या जांभळ्या कोटावर लावून दिली.

बुधवारी, गुरुवारी ल्युवेनियाने तालुक्याला फोन केले. शुक्रवारी चार वाजता एकटीच गाडी घेऊन गेली. आत्याची औषधांची चिठ्ठी, विजेचं बिल आणि आपल्या लग्नातला आत्याचा फोटो घेऊन ती खिडकीशी उभी राहिली. मुलीने सगळे कागद उलटसुलट बघितले. फोटो बघून म्हणाली, “किती गोड हसतायत!” मग सगळं परत दिलं. कार्ड हवं होतं आणि बाई स्वतः हवी होती. पाच वाजता खिडकी बंद झाली.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. ल्युवेनिया पांढरे हातमोजे घालून दाराशी उभी होती. प्रवचन संपल्यावर पाद्री म्हणाले, “या आठवड्यात ज्यांनी ज्यांनी मत दिलं, त्यांनी उभं राहा. आपल्या बापजाद्यांना दिसू दे.”

पहिल्या बाकावरून ओला मे आत्या काठीवर जोर देत उठली. कोटावर ती चिकटपट्टी तशीच होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती भरल्या डोळ्यांनी मागे वळली, ल्युवेनियाला हाताने जवळ बोलावू लागली, आणि आजूबाजूच्यांना सांगू लागली, “ही माझ्या एझेलची पोर. हिच्यामुळे माझं मत कधी चुकत नाही.”

सगळ्या चर्चने वळून ल्युवेनियाकडे पाहिलं. ल्युवेनिया गेली, आत्याच्या शेजारी उभी राहिली, आणि टाळ्या थांबेपर्यंत तिचा हात धरून राहिली.